गार्डभाऊ नापास झाले तेव्हा

चहा झाला म्हणून सांगितलं, तरी गार्डभाऊ आधी चुलीकडे डोकावून खात्री करायचे. चिमूरकडच्या आमच्या गावात इतका संशयी माणूस दुसरा नव्हता. वनखात्यात वाघाचे ठसे वाचण्यात जन्म गेला. निवृत्तीनंतर मिशी तेवढी सरकारी राहिली.

मी ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटर. त्या वर्षी मोबाईलवर बनावट वाघांचं पेव फुटलं होतं. आज वाघ एसटीत चढला, उद्या लग्नाच्या पंगतीत बसला! म्हणून दर शनिवारी एआयचा वर्ग घ्यायचं ठरलं. पहिल्या दिवशी मी तासभर डेटा आणि मॉडेल केलं. नऊ वर्षांच्या पोरींपासून सत्तरीच्या बायजाबाईपर्यंत सगळे जांभया देऊ लागले. तेव्हा गार्डभाऊ उठले.

"ऑपरेटर बाई, तुमी बसा," ते म्हणाले. "आयका रे. या मशीननं वाघाचे लाखो फोटो पाह्यले, पण वाघ एकही नाई पाह्यला. मिशा बरोबर काढते, जमिनीवर वजन टाकाचं विसरते." झालं, वर्ग त्यांचाच झाला. खरं सांगते, मला रागच आला होता.

"जे तुमाले पक्कं येते, तेच त्याले पह्यले इचारा," हा त्यांचा दुसरा धडा. बायजाबाईनं मोबाईलला विचारलं, मोहफुलं कधी वेचायची? उत्तर आलं, दुपारी, चांगलं ऊन पडल्यावर. "तुह्या मायनं येचले होते का दुपारी?" बाई मोबाईलवरच खेकसली. मोहफुलं पहाटे पडतात, हे आमच्याकडे रांगतं पोरही सांगेल. मग काय, गावाला चटकच लागली. काहीही आलं की पोरंसोरं ओरडायची, "खोटा हाय!"

एप्रिलातल्या एका शनिवारी बायजाबाई धापा टाकत वर्गात आली. मोबाईलवर व्हिडिओ होता. गावाबाहेरच्या तळ्यावर, म्हणजे आमच्या बोडीवर, वाघ पाणी पीत होता. "भाऊ, आत्ताच काढला म्या. माही सून सकाळी तिथीच मोहा येचाले जाते. पोटुशी हाय ते."

भाऊंनी चष्मा लावला, व्हिडिओ दोनदा पाहिला. "पट्टे एकमेकात मिसळून राह्यले. मशीनचं काम. खोटा हाय!" वर्गानं टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या, लाज वाटते सांगायला.

"म्या काढला म्हणते ना!" बायजाबाई कडाडली. "जलमभर जमीन पाह्यली तुमी, आज काचच पाहून राह्यले? चला बोडीवर!"

पाचसात जण काठ्या घेऊन गेलो. काठच्या चिखलात ठसे होते, इतके ताजे की त्यांत पाणी अजून झिरपत होतं. भाऊंनी खाली बसून ठशावर वीत ठेवली. मग उठले, वनखात्याला फोन केला आणि घरोघरी सांगत सुटले. "वाघ खरा हाय. उद्या मोहाले कोणी जाऊ नका."

लोक हसायला लागले. "काऊन भाऊ, परीक्षा घेऊन राह्यले का?"

शेवटी बायजाबाई पुढे झाली. तिचा चेहरा पाहून बायांनी सकाळसाठी काढलेल्या टोपल्या परत ठेवल्या. सकाळी वनखात्याची माणसं आली, तेव्हा सून जाते त्याच मोहाखाली वाघाचे ठसे होते.

पुढच्या शनिवारी भाऊंनी फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढे मोठा भोपळा काढला. "म्या पट्टे पाह्यले," ते म्हणाले. "पण व्हिडिओ काढताना बाईचा हात थरथरला, म्हणून पट्टे मिसळले, हे नाई पाह्यलं. पह्यले आणणाऱ्याच्या तोंडाकडं पाहा. मंग मोबाईलकडं."

"पुढच्या परीक्षेले बसा आता," बायजाबाई म्हणाली. सगळे हसले. भाऊही हसले, डोळे पुसत.

यंदा दिवाळीनंतर ते लेकीकडे नागपूरला दवाखान्यासाठी गेले. वर्ग बायजाबाई आणि मी चालवत होतो. एका दुपारी ती ऑफिसात आली, मोबाईल पुढे केला. भाऊंच्या लेकीचा निरोप होता. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मोबाईल हातात घ्यायची गरजच पडली नाही.