दुकानात न मिळणारं काडतूस

आम्ही वायोमिंगमध्ये राहत होतो तेव्हाची ही गोष्ट. ऐंशीच्या दशकातली. हे आधी आपल्याकडे उसाच्या कारखान्यात होते, तिकडे बीटापासून साखर करणाऱ्या कारखान्यात लागले. गाव लहान. हिवाळ्याआधी जो तो एल्क मारून आणायचा आणि डीप फ्रीझर भरून ठेवायचा. एल्क म्हणजे हरणाचीच जात, पण अंगानं घोड्याएवढी.

ह्यांनीही रायफल घ्यायची ठरवली. गावात सगळ्यांचा एकच सल्ला होता, थर्टी-ऑट-सिक्स मापाची घे. शेजारचा म्हातारा तर म्हणे, त्या मापाची काडतुसं पेट्रोलपंपावरसुद्धा मिळतात. ह्यांनी महिनाभर मासिकं चाळली, मुलीचं स्थळ बघावं तशी चौकशी केली आणि टू-एटी घेऊन आले. त्या मापाची रायफल गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

"धक्का कमी बसतो, गोळी सरळ जाते आणि जोर तेवढाच," हे म्हणाले.

"काडतुसं मिळतात का इथं?"

"मागवता येतात."

माझ्या वडिलांनी विहिरीवर असंच जगावेगळं इंजिन बसवलं होतं. एक वॉशर गेला, तसा दुसरा कुठं मिळेना आणि उभा ऊस वाळला. मी ते सांगितलं. हे म्हणाले, "तुला शाळेत भूगोल शिकवला असेल, बंदूक नाही."

खंडेनवमीला मी रायफल पाटावर ठेवली, शेजारी काडतुसांचा खोका. दोन्हींना हळदकुंकू लावलं, वर झेंडू घातला. आमच्याकडे त्या दिवशी हत्याराला पूजेवरून हलवत नाहीत. बीटाचा हंगाम सुरू झालेला, त्यामुळे ह्यांना सुट्टी जेमतेम मिळालेली. दसऱ्याच्या सकाळी आरती झाली आणि ह्यांनी रायफल उचलली. "चला, शिलंगणाला," म्हणाले. खोका झेंडूखाली तसाच राहिला. ह्यांना वाटलं मी शिध्याच्या पिशवीत टाकला, मला वाटलं ह्यांनी घेतला.

शिकारीला शेजारचा म्हाताराही येणार होता, आणि मी बरोबर जात होते ती तंबूत स्वयंपाक करायला. दरवर्षी म्हाताऱ्याची बायको करायची, त्या वर्षी तिचा गुडघा धरला होता. शिकारीत अंगावर भडक नारिंगी जाकीट घालावं लागतं, म्हणजे दुसरा कुणी हरीण समजून गोळी घालत नाही. साडीखाली लोकरीची पँट आणि वर ते जाकीट, असा माझा अवतार बघून हे म्हणाले, "संन्यास घेतलास की काय?"

"तुमच्याशी संसार करून तोच उरलाय," मी म्हटलं. म्हाताऱ्याला मराठी कळत नव्हतं, तरी हसला.

डोंगराच्या पायथ्याशी खोका नाही हे कळलं. नेम तपासून उरलेली चार काडतुसं तेवढी ह्यांच्या कोटाच्या खिशात होती. शेवटच्या दुकानात गेलो. थर्टी-ऑट-सिक्सचे खोके जमिनीपासून छतापर्यंत रचलेले.

"टू-एटी?" दुकानदार म्हणाला. "वर्षातून एखादा विचारतो. त्यालाही मी नाहीच म्हणतो."

म्हातारा म्हणाला, परत जाऊ. ह्यांचं नाक वर. "एल्कला एक गोळी पुरते."

दोन लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उतारावरच्या झाडीत एल्क पडला. मी तंबूतून चहा घेऊन वर गेले तोवर दोघांनी त्याचे तुकडे केले होते. म्हाताऱ्याने एक मागची तंगडी पाठीवर बांधली, स्वतःची रायफल खांद्याला टांगली आणि गाडीकडे उतरला. ओझं झालं म्हणून काडतुसांचा पट्टा मात्र फांदीवर अडकवून गेला. थर्टी-ऑट-सिक्सनं भरगच्च पट्टा. आमच्या रायफलीत त्यातलं एकही बसणार नव्हतं.

आधी वास आला. भिजलेल्या गोणपाटाचा आणि कुजलेल्या मांसाचा. मग झाडीतून अस्वल बाहेर आलं. ग्रिझली. आपल्याकडचं काळं अस्वल मी जत्रेत नाचताना पाहिलं होतं. हे तसलं नव्हतं. ह्याच्या खांद्यावर मोठा उंचवटा होता, आणि ते आमच्याकडे नाही, मांसाकडे बघत होतं. आम्ही मांसाच्या अगदी शेजारी उभे.

पोटऱ्या आपोआप थरथरायला लागल्या, दाबून धरता येईनात. ह्यांनी रायफल वर केली. नळी हलत होती, ते मला दिसलं, आणि त्यानं मी जास्त घाबरले.

म्हाताऱ्याने आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, पळायचं नाही. हळू आवाजात बोलत मागे सरकायचं. मी ह्यांचा कोट मागून धरला. बोलायचं काय? देवाचं नाव तोंडात येईना. जे आलं ते बोलले.

"अहो, सगळं गाव थर्टी-ऑट-सिक्स घ्या म्हणत होतं ना? तो बघा पट्टा लटकतोय. घाला आता त्यातली एखादी."

"गप्प बस."

"गप्प बसायचं नाही असं सांगितलंय. दोन गोळ्यांत ते मेलं नाही तर तिसरी कुठून आणणार? देवघरातून?"

"मांस सोडून जायचं?"

"मांस त्याचं. मागे सरका."

आम्ही मांसापासून थोडे दूर सरकलो, तोच अस्वलानं दात कटकटवले आणि ते धावत आलं. चार-पाच उड्या. जमीन हादरलेली मला पायात कळली. ह्यांचं बोट चापावर होतं. मी डोळे मिटले नाहीत, मिटायचं सुचलंच नाही. अस्वल अर्ध्यावर थांबलं, जोरात फुसफुसलं आणि वळून मांसाच्या ढिगाशी गेलं. हाड फुटल्याचा आवाज आला. आम्ही पाठ न फिरवता सरकत राहिलो. उतारावर मी दोनदा पडले, पण कोट सोडला नाही.

म्हातारा खाली वाटेत भेटला. आमची तोंडं बघून त्यानं एवढंच विचारलं, "गोळ्या किती उरल्या होत्या?"

"दोन," हे म्हणाले.

"झाडल्या नाहीत ते बरं केलं. अस्वलाला चिडवायला दोन पुरतात."

घरी आलो. झेंडू सुकला होता, खोका तसाच पाटावर, कुंकवासकट. ह्यांनी तो बराच वेळ हातात धरला. त्या हिवाळ्यात आम्ही म्हाताऱ्यानं खाली आणलेल्या तंगडीतलं थोडं मांस आणि बाकी डाळभात खाल्ला. ह्यांनी एकदाही कुरकुर केली नाही.

पुढं महिनाभर मी अंगणात धुणं वाळत घालायला एकटी गेले नाही. गोणपाटाचा वास आला की आजही पोटऱ्या थरथरतात, मग मी बसून घेते.

उन्हाळ्यात ह्यांनी ती रायफल दुकानात देऊन थर्टी-ऑट-सिक्स आणली.

"ती जरा जड होती," म्हणाले.

"असेल," मी म्हटलं.