देवाच्या कट्ट्यावर धरलेली पट्टी

"हलू नको. सरळ उभी राहा," साहेब म्हणाले.

मी सरळ उभी राहिले. भीमेच्या घाटाच्या पायरीवर, भर उन्हात, हातात मोजणीची चार मीटरची पट्टी. समोर बंगळूरहून आलेले पाहुणे. साहेबांच्या हातात मिटलेली छत्री होती. पाहुण्यांना ते हिंदीत सांगत होते. छत्रीचं टोक आधी माझ्या गुडघ्याला लागलं. "इधर तक हर साल." मग कमरेला. "इधर तक बड़ी बाढ़." मग टोक वर आलं आणि माझ्या गळ्यावर टेकलं. "और पिछली बाढ़, यहाँ तक."

एक पाहुणा म्हणाला, "फिर तो ये डूब गई."

सगळे हसले. साहेबही हसले. माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "तुझी उंची बरी कामाला आली."

पट्टीवर आकडे होते. लाल-काळे, लांबून दिसावेत म्हणून मोठाले. पाणी दाखवायला माझं अंग लागत नव्हतं. हे मला तिथंच कळलं होतं, तरी मी हलले नाही. छत्री गळ्यावरून निघेपर्यंत मी थुंकीसुद्धा गिळली नाही. लाज वाटली ती हसणाऱ्यांची नाही, स्वतःची वाटली.

आमचं गाव गाणगापूरच्या वरच्या अंगाला, नदीला लागून. कागदावर त्याला आता शहर म्हणतात. नदीच्या अगदी कडेला आमची आळी, चाळीस घरांची. आम्ही मेंढपाळांची लेकरं. कळप कधीच संपले, आता कोणी दुसऱ्याच्या रानात राबतं, कोणी गाणगापूरच्या लॉजमध्ये चादरी धुतं. माझा नवरा हुमनाबादच्या लॉरीवर असतो. मी बारावी झालेली, मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही बोलणारी. म्हणून मला काम मिळालं. नदीकाठच्या शहरांनी बदलत्या हवामानाला कसं तोंड द्यायचं, त्याचा आराखडा करणारी एक कंपनी आली होती. तिच्या मोजणीत पट्टी धरायची. साहेब दुर्बिणीतून बघणार, आकडा वाचणार, वहीत लिहिणार. मी फक्त धरणार.

कंपनीत जीन्स घालणाऱ्या दोन मुली होत्या, त्या मॅडम. मी "ए पट्टी." ए पट्टी, डावीकडे. ए पट्टी, वर चढ. ए पट्टी, चहा सांगून ये. साहेबही आमच्याच भागातले, मराठी बोलणारे. वडील शिक्षक, काका अधिकारी, घरात तीन पिढ्यांची पुस्तकं. त्यांनी मला कधी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर घरी येऊन निदान कुणाला सांगता तरी आलं असतं.

पावसाचं तर काय सांगावं. पूर्वी त्याला महिना होता. आता तो कधीही येतो आणि पडला की थांबत नाही. वरच्या धरणांतून पाणी सुटतं आणि आमच्या चुलीत नदी शिरते. त्यामुळे आराखडा होतोय म्हटल्यावर मला खरंच आनंद झाला होता. वाटलं, आपल्या हाताने आपल्या माणसांचं काहीतरी भलं व्हायलंय. त्या आनंदाचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

आळीच्या मागे, गावाबाहेर, नाल्याकाठी एक मोकळं रान आहे. तिथं आमच्या बीरोबाचा कट्टा, दगडांचा, चार बाजूंनी घाणेरीची झुडपं. एक दिवस मोजणी तिथं गेली. चिखल होता. साहेब रस्त्यावरच थांबले, दुर्बीण तिथंच लावली. मी रानात उतरले तर पट्टी खचायला लागली.

"त्या दगडांवर ठेव," साहेब ओरडले.

"सर, त्यो देवाचा कट्टा हाय. लई उंच हाय."

"तुला पट्टी धरायला ठेवलंय. डोकं लावायला नाही."

मी चपला काढल्या. कट्ट्याला हात लावून पाया पडले. देवाच्या अंगावर लोखंड टेकवायचं, याचंच मला भ्याव वाटत होतं. भंडारा लागलेल्या दगडाला पट्टी लागू नये म्हणून मी ती कडेच्या दगडावर धरली आणि मनात म्हणाले, देवा, पोटासाठी करायलेय. चिखलात उतरलेल्या आम्हा माणसांची अक्कल ही अशी. चपलेचा विचार केला, पापाचा केला. आकड्याचा केला नाही. झुडपांच्या वर पट्टी दिसत होती, साहेबांना तेवढंच पाहिजे होतं. त्यांनी आकडा लिहिला. संपूर्ण रानाला तो एकच आकडा.

पुढे नकाशा झाला. नदीच्या कडेला भिंत आणि बगीचा, रंगीत. आमच्या आळीच्या जागी हिरवा रंग. आणि आळीतली चाळीस घरं उचलून ठेवली होती बीरोबाच्या रानात. खाली लिहिलं होतं, पुरापासून सुरक्षित उंच जागा. मी नकाशाची एक प्रत घरी आणली आणि कौतुकाने अप्पांपुढे उलगडली. अप्पा माझे वडील. आयुष्यभर मेंढरांमागे चाललेले, अक्षर न येणारे. मी त्यांना बोटाने दाखवलं, हा रस्ता, हा नाला, हा कट्टा.

अप्पांनी कट्ट्याच्या खुणेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "माय, पट्टी कुठं ठेवलीस?"

"कट्ट्यावर."

"कट्टा कामून बांधलाय, सांगितलं व्हतं का न्हाई तुला?"

सांगितलं होतं. लहानपणापासून ऐकत आले होते. पाणी देवाच्या पायाला लागलं, की पूर ओसरल्यावर आमची माणसं कट्ट्यावर दगडांचा आणखी एक थर चढवतात. पाणी जिथवर आलं, त्याच्या वर देव. अप्पांच्या आजाने एक थर चढवला, अप्पांनी एक. मागच्या पुरानंतरचा थर रचताना तर मी स्वतः दगड वाहिले होते. तो कट्टा म्हणजेच आमची पुराची नोंद. मी पुराच्या डोक्यावर पट्टी ठेवली आणि साहेबांनी त्याला जमीन म्हटलं.

अप्पा चिडले नाहीत. उठून पाणी प्यायले. त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "आकडे वरच्या ऑफिसात गेलेत. आता बदल होत नाही. तुम्हा लोकांना जागा मिळतेय, आणखी काय पाहिजे?" कागद पुढे केला. रहिवाशांची संमती. रहिवाशांची प्रतिनिधी म्हणून माझं नाव. दोन वर्षांत त्यांनी माझं नाव पहिल्यांदा घेतलं, तेही कागदात बघून, अडखळत. "बैठकीत बंगळूरच्या पाहुण्यांसमोर सही करायची. नाही केलीस तर तुझं काम गेलं, आणि तुझ्या आळीचं नाव जागा मिळणाऱ्यांच्या यादीतून गेलं."

म्हण आहे ना, इकडे आड तिकडे विहीर. आमच्या बाबतीत ती म्हणही पुरी पडेना. सही केली तर चाळीस घरं नाल्यात. नाही केली तर चाळीस घरं नदीत. आणि आळीत रोज विचारणा, "अक्का, जागा कवा मिळायलीय?" म्हाताऱ्याकोताऱ्यांनी गाठोडी बांधून ठेवली होती. मी कुणाच्या डोळ्याला डोळा देईनाशी झाले. पाण्याला जाताना लांबच्या बोळातून जायचे.

बैठकीच्या दिवशी आधी ते घाटावरचं झालं. छत्री, गळा, हसणं. तिथून सगळे गाड्यांत बसून हॉलकडे निघाले. मला पट्टी घेऊन चालत यायला सांगितलं होतं. मी वाट वाकडी केली. बीरोबाच्या रानात गेले, चपला काढल्या, आणि कट्ट्याच्या शेजारी खऱ्या जमिनीवर उभी राहिले. पट्टी बाजूला धरली. कट्ट्याची कड माझ्या गळ्याशी आली. थेट तिथंच, जिथं छत्री टेकली होती.

मी त्या दगडांना पाठ लावून उभी राहिले आणि मोठ्याने रडले. मग तोंड पुसलं.

हॉलमध्ये चहा चालू होता. साहेबांनी मला नकाशाजवळ उभं केलं आणि पेन दिलं. कॅमेरा आला. मी पेन टेबलावर ठेवलं.

"सही कर," साहेब हळू म्हणाले.

"न्हाई करत."

मग पाहुण्यांकडे वळून मी आमच्या हिंदीत सांगितलं, "साब, पट्टी गलत जागे पे पकड़े थे. मैंच पकड़ी थी. वो जमीन नहीं है, वो देव का कट्टा है. जमीन मेरे गले के नीचे है." माझा आवाज फाटला होता, तरी बोलले. "अब्बी चलो. गाड़ी में बैठो. दिखाती हूँ."

कोणी उठलं नाही. घाटावर मला "डूब गई" म्हणणारा पाहुणा बिस्किट खात होता, तो थांबला, एवढंच. साहेब हसून म्हणाले, "थोड़ी इमोशनल है." एका मॅडमने माझ्या हातातून पट्टी काढून घेतली. त्या दिवशी माझं काम सुटलं.

आळीत मला कोणी हार घातला नाही. अर्धी घरं आजही बोलत नाहीत. एक म्हातारी तोंडावर म्हणाली, "मिळायलं व्हतं त्येबी घालवलंस." तिचं चुकत नाही. नदी तिच्या दाराशी आहे, माझ्याही आहे, आणि आभाळ पुन्हा भरून यायलंय. आम्ही होतो तिथंच आहोत.

अप्पांनी एक बांबू आणून दिला. मी त्यावर कोळशाने माझ्या गळ्याची खूण केली. तो घेऊन मी एकेका घरातली माणसं बीरोबाच्या रानात नेते, कट्ट्याजवळ उभी करते. बांबू जमिनीवर टेकवते. म्हणते, बघा, आणि मग काय ते ठरवा. ती म्हातारीही काल आली. बांबूवरची खूण बघितली, कट्ट्यावर भंडारा टाकून गेली.

कागदावरची सहीची जागा अजून रिकामी आहे. साहेब येतील, त्यांना ती भरून पाहिजे. माझ्याकडून नाही जमलं तर दुसऱ्याच्या दारात जातील. प्रत्येक दारात त्यांना तेच ऐकू येईल, त्याची व्यवस्था मी करून ठेवतेय. आम्हाला जागा पाहिजे, पण कोरडी. आधी त्यांनी बूट काढावेत. त्या चिखलात उतरावं. मी बोट दाखवीन त्या मातीवर पट्टी स्वतःच्या हातांनी धरावी, आणि मी सांगेपर्यंत हलू नये. आकडा मी वाचीन.