मापारी नत्थूजीचा बडग्या

इंग्रजी अंमलातली गोष्ट. इतवारी पेठेत बापूजींच्या किराणा दुकानात नत्थूजी मापारी होता. पायलीनं धान्य मापायचं, एवढंच काम. पण त्याच्या हातचं धान्य न्यायला बायका कामठीहून यायच्या. पहिल्या मापाला तो कधी 'एक' म्हणत नसे. पहिलं माप 'लाभ', मग दोन, मग तीन. घरात जाणाऱ्या दाण्याला बरकत यावी म्हणून. आणि तो 'लाभ' असा लांबवायचा, की ऐकूनच अर्धं पोट भरावं.

बापूजी थकले, पुतण्या शरच्चंद्र गल्ल्यावर बसला. स्वारी मुंबईची दुकानं पाहून आलेली. त्यानं धान्य आधीच पुड्यांत बांधलं, वर भाव चिकटवले आणि मापारी, पाखडणाऱ्या बायका, सगळ्यांना एका दमात घरी बसवलं. नत्थूजीच्या पोटापाण्याचं लेक पाहत होता. पण उभा जन्म 'लाभ' म्हणण्यात गेलेल्या माणसानं घरी बसून म्हणायचं तरी काय? म्हातारा पार सुकला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघाली, गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईचा तो भला थोरला पुतळा. मागे बडगे, म्हणजे गावाला छळणाऱ्यांचे पुतळे. कामावरून काढलेल्या मंडळींनी तणसाचा शरच्चंद्र केला, त्याला कोट-चष्मा चढवला, हातगाडीवर बसवला आणि गाडीची दोरी नत्थूजीकडे दिली. गावाबाहेर नेऊन जाळायचा होता. मारबतीच्या नावानं ओरडताना कितीतरी दिवसांनी म्हाताऱ्याचा गळा मोकळा झाला.

मिरवणूक नेमकी दुकानापुढे अडली. पायरीवर कामठीची पंचफुला पुडा परत करत होती. वजन चोख आहे, हे शरच्चंद्र परोपरीनं सांगत होता.

"लेकीच्या डोहाळजेवणाचे गहू हायेत," ती म्हणाली. "लाभ म्हटल्याबिगर काहून नेऊ गा?"

नत्थूजीला राहवलं नाही. दोरी टाकून तो पायरी चढला, कोपऱ्यातली पायली उचलली, पुडा फोडला आणि 'लाभ' म्हटलं. गर्दीतल्या बायकांनी पदर पसरले. पुड्यांमागून पुडे फुटू लागले. शरच्चंद्र आधी चिडला, मग ती झुंबड पाहून नरमला.

"नत्थूजी, उद्यापासून या. पाखडणाऱ्यांनाही आणा."

नत्थूजीचे डोळे भरून आले, पण माप थांबलं नाही. बाहेर लोक गाडी हलवा म्हणून ओरडत होते.

"छोटे मालक, माहे हात गुंतले हायेत. तेवढी गाडी पुढं न्या."

शरच्चंद्रानं जाऊन दोरी धरली आणि मागे पाहिलं. आपलाच कोट, आपलाच चष्मा. तो कानापर्यंत लाल झाला, मग खो खो हसत सुटला. गाडी ओढता ओढता सगळ्यांत मोठ्यानं तोच ओरडत होता, "इडापिडा घेऊन जा गे मारबत!"