डाव्या सीटखालचा आवाज

या ग्रुपवरचे अनुभव मी बरेच दिवस वाचतेय. खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. वाचता वाचता मनातल्या मनात उत्तरं देते — हे उंदीर, हा सैल पत्रा, ही ॲसिडिटी. आमच्या घरी रविवारी चर्च आणि सहा दिवस काम, एवढंच ठाऊक. करणी, बाधा, उतारा यातलं काही उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. त्यात मी यादीवाली बाई. किराणा, औषधं, गाडीचं ऑइल, पाहुण्यांची अंथरुणं, सगळ्याची यादी. मिस्टर म्हणतात, तू स्वर्गाच्या दारात आधी हजेरीपट मागशील.

तेव्हा जे झालं ते क्रमाने लिहिते.

आमचं गाव पारनेर तालुक्यात, राळेगणच्या थोडं अलीकडे. गावापासून बारा किलोमीटरवर पठार, आणि पठारावर पवनचक्क्या. चक्क्यांच्या दुरुस्तीसाठी आत शिडीने चढणारी माणसं रोज सकाळी वर पोहोचवायची आणि त्यांचं चढायचं सामान सांभाळायचं, हे काम नऊ वर्षं माझ्याकडे आहे. डांबर संपलं की अडीच किलोमीटर मुरमाचा खडा चढ. थंडीत दवाने तो निसरडा होतो, म्हणून डबल केबिनची फोर-व्हील पिकअप. चालवते मी.

प्रदीप हा माझा मावसभाऊ. मावशी गेली तेव्हा तो दहावीत होता. तेव्हापासून आमच्याकडेच वाढला, आमच्याच घरातून त्याचं लग्न झालं. पठारावर आमचा एक लोखंडी कंटेनर आहे, त्यात चढणाऱ्यांचे सेफ्टी बेल्ट टांगलेले असतात. माणूस चढायच्या आधी प्रत्येक बेल्ट तपासायचा — शिवण, पट्टी, हुकाची स्प्रिंग, असे चौदा मुद्दे — आणि कागदावर टिक करायची. यादी मी बनवलेली. तपासायचं काम प्रदीपचं. संध्याकाळी कागद खाली आले की मी सही करायची.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि गाडीतून आवाज यायला लागला.

डांबर संपलं, मी फोर-व्हीलचा दांडा टाकला, की शंभरेक मीटरवर सुरू. टक… मग थोडी शांतता… टक. डाव्या सीटच्या खालून. पत्र्यावर लोखंड टेकवावं तसा. वर पोहोचलं की बंद. दुपारी रिकामी गाडी खाली आणताना नाही.

रज्जाकभाई म्हणजे आमचे मिस्त्री. तेवीस वर्षांची ओळख. मी त्यांच्यापुढे कागद ठेवला: तारीख, तापमान, गिअर, स्पीड, वजन, गाडीत कोण कोण. ते हसले.

“ताई, पेशंटनी रिपोर्ट स्वतःच काढून आणलाय. मला काय ठिवलंय आता?”

“तुम्ही फक्त औषध द्या.”

थंडीत फोर-व्हीलच्या डब्यातलं ऑइल घट्ट होतं, दात कुरकुरतात, असं त्यांचं म्हणणं. ऑइल बदललं. आवाज तसाच. पुढच्या शाफ्टचा क्रॉस बदलला. तसाच. पुढची चाकं जोडणारे हब खोलले, धुतले, नवं ग्रीस भरलं. तसाच. मग एका सकाळी ते स्वतः मागच्या सीटवर बसले आणि चढभर कान लावून ऐकत राहिले. वर पोचल्यावर खाली उतरले, गाडीखाली वाकून बघितलं आणि हात पुसत माझ्याकडे आले.

“ताई, फिरणाऱ्या वस्तूचा आवाज चाकासंगं वाढतो. तुमी गाडी पळवली, हळू केली… ह्यो तसाच. ह्यो गाडीतला न्हाई.”

“गाडीतला नाही, मग काय माझ्या डोक्यातला?”

“तसं कुटं म्हनलो मी? मला बी ऐकू आलाच की.”

प्रदीप शेजारीच उभा होता. म्हणाला, “ताई, म्हातारा आता थकलाय. जुनेच पार्ट पुसून घालतोय, अजून कळत नाही का तुला?”

आणि मी… मी ते मानलं. चार माणसांसमोर रज्जाकभाईंना म्हणाले, काढलेले जुने पार्ट आणून दाखवा. त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. “पोत्यात बांधून ठिवलेत. न्या.” एवढंच.

गाडी नगरला एका मोठ्या गॅरेजमध्ये नेली. त्यांनी गाडी लिफ्टवर चढवली, सगळं हलवून पाहिलं आणि शेवटी पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्टच काढून दिला. म्हणाले, आठवडाभर अशी चालवा. आता फोर-व्हील उरलंच नाही. आवाज गेला तर दोष पुढच्या बाजूला, हे नक्की.

त्या आठवड्यात दव कमी होतं, ओझं हलकं. मागच्या दोन चाकांवर चढ निघत होता.

पहिल्याच दिवशी… टक. शांतता. टक.

जो भाग गाडीत नव्हता, त्याचा आवाज. मी गाडी चढावर उभी केली, इंजिन बंद केलं. आवाजही थांबला. इंजिन सुरू केलं, गाडी हलली… टक. “प्रदीप, ऐकतोयस ना?” मी विचारलं. तो मोबाईलमध्ये बघत होता. “काय?” म्हणाला. “मला तर काहीच येत नाही ऐकू. तुझं आपलं उगाच.”

घरी येऊन पट्टी आणि लाल पेन घेतलं. दीड महिन्याच्या नोंदी होत्या. गंमत म्हणजे काही दिवस आवाज नव्हता, आणि तेही चांगल्या कडाक्याचे दिवस. तापमान जुळेना — खोडलं. गिअर — खोडलं. वजन, वळण, ऑइल — खोडलं. एकेक रकाना खोडत गेले आणि एकच उरला, जो मी निव्वळ सवयीने भरत होते. गाडीत कोण कोण.

प्रदीप डाव्या सीटवर असेल त्या दिवशी आवाज. नसेल त्या दिवशी नाही. एकही अपवाद नाही.

एरवी तो पठारावर मोटारसायकलने येतो. थंडी पडली की वाऱ्यात बोटं आखडतात म्हणून माझ्या शेजारी बसतो. थंडीतला आवाज, थंडीतला आवाज म्हणून आम्ही ऑइल बदलत बसलो होतो… थंडी फक्त त्याला सीटवर आणून बसवत होती.

मला हसू आलं, आणि लगेच लाज वाटली. पोटच्या पोरासारखा वाढवलेला भाऊ, आणि मी त्याच्या नावाभोवती लाल गोल काढतेय! तरी पडताळा घेतला. दोन दिवस त्याला काही कारण काढून मोटारसायकलने पाठवलं: शांत. तिसऱ्या दिवशी शेजारी बसवलं: आवाज. चौथ्या दिवशी पुन्हा मोटारसायकल: शांत.

पाचव्या दिवशी तो शेजारी होता. मागे कैलास. कैलास म्हणजे आमचा सगळ्यात जुना चढणारा, चाळिशीचा, काष्टीकडचा, तोंडाने फटकळ. प्रदीपच्या सासरकडून त्याचा लांबचा नातेवाईक. चढ लागला. टक… टक. कैलास पुढे वाकला.

“ताई, गाडीत शिडी बसवली का काय?”

“म्हणजे?”

“आवो, आमी चढताना दोन हुक असत्यात ना. एक काढायचा, वर लावायचा, टक. मग दुसरा, टक. ह्यो तसाच वाजतोय. डोळे झाकले तर चक्कीतच हाय वाटंल.”

“गप रे,” प्रदीप म्हणाला. “सकाळी सकाळी घेऊन आलास का?”

“मी न्हाई बा. घरात बायको, वर वारा. मला पिऊन कसं परवडंल?”

मी हसले नाही. बेल्ट आणि हुक सगळे वर कंटेनरमध्ये कुलपात होते. गाडीत एकही हूक नव्हता.

वर पोहोचल्यावर मी गाडीतून उतरले आणि सरळ कंटेनरकडे चालू लागले. नऊ वर्षांत मी त्यात क्वचित गेले असेन. ते प्रदीपचं खातं. “ताई, मी बघतो ना, तू कशाला…” म्हणत तो मागून आला. मी हात पुढे केला. “किल्ली.”

कैलासचा बेल्ट तीन नंबरचा. खिळ्यावरून काढला. एका हुकाची स्प्रिंग मेलेली होती. दाबला की उघडाच राहत होता. कमरेच्या पट्टीची शिवण दोन बोटं उसवलेली. मी एक नंबर बघितला, पाच नंबर बघितला. नीट असा एकच सापडला.

टेबलावर क्लिपबोर्ड होता. आजचा कागद भरलेला. चौदा टिका. उद्याचा भरलेला. परवाचाही. मी उलटत गेले. महिनाअखेरपर्यंत, नाताळच्या सुट्टीच्या दिवसासकट, सगळ्या टिका एकाच निळ्या पेनाने, एका बैठकीत.

“हे काय आहे प्रदीप?”

तो चिडला. “रोज तेच तेच, ताई! सहा बेल्ट, चौदा-चौदा मुद्दे. इतक्या वर्षांत पडलं का कुणी?”

“कैलास आत्ता ऐंशी मीटर चढणार होता.”

“तू तरी कधी बेल्ट हातात घेऊन बघितलास? तुला टिका पाहिजे होत्या. मी दिल्या.”

दारात कैलास उभा होता, हातात त्याचाच बेल्ट. तो हुकाची स्प्रिंग पुन्हा पुन्हा दाबत होता.

त्या दिवशी कुणी चढलं नाही. मी कागद आणि बेल्ट ऑफिसला जमा केले, लेखी कळवलं, सगळे बेल्ट नवे आणले, प्रदीपला कामावरून काढलं. ऑफिसच्या साहेबांनी विचारलं, नेमकं त्याच दिवशी तपासायचं तुम्हाला कसं सुचलं? मला खोटं सांगता येत नाही. आवाजाचं सांगितलं, नोंदी दाखवल्या, मी म्हणाले, कैलासनेही ऐकलाय, त्यालाच विचारा.

कैलासला बोलावलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “आवाज? न्हाई बा. मला तर काय ऐकू आलं न्हाई.”

साहेब सौम्यपणे म्हणाले, ताई, तुम्ही थोडी विश्रांती घ्या. आता सगळ्या नातेवाइकांत तेच झालंय. प्रदीपने बेल्टचा विषय कुठेही काढला नाही. ताईला गाडीत आवाज येतात आणि त्यापायी तिने मला कामावरून काढलं, हे मात्र घरोघर सांगितलं. माझ्या सख्ख्या बहिणीने फोन करून विचारलं, झोप लागते ना गं नीट?

रज्जाकभाईंकडे गेले होते. ते एका गाडीखाली पडून काम करत होते, बाहेर आले नाहीत. तिथूनच म्हणाले, “बसा, ताई. चा सांगतो.” चहा आला. मी माफी मागितली. ते म्हणाले, “गाडी ठिऊन जा, शाफ्ट बसवून देतो.” गाडी दिली त्यांनी नीट करून. पण पूर्वी थट्टा करायचे तशी आता करत नाहीत.

त्यानंतर आवाज कधी आला नाही. दुसरा हिवाळा चालू आहे. शाफ्ट आहे, फोर-व्हील आहे, थंडी आहे. वेगवेगळी माणसं शेजारी बसतात. मी अजून नोंद ठेवते, रकाना रिकामा जातो. रज्जाकभाईंकडे खुलासा नाही, नगरच्या गॅरेजकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच. योगायोग म्हणायचा तर तितके दिवस सलग कसा जुळला? आणि हुकाचाच आवाज का?

पण खरं सांगू, मी हे लिहायला बसले ते त्यासाठी नाही. प्रदीपला दुसऱ्या डोंगरावरच्या एका ठेकेदाराने घेतलं. त्याच कामावर — बेल्ट तपासायला. तिथल्या ऑफिसला मी दोनदा पत्र दिलं, उत्तर नाही. आणि गेल्या महिन्यात कैलासही माझ्याकडचं सोडून त्याच्याकडे गेला. सांगून गेला नाही. तिथला रस्ता डांबरी आहे म्हणे, दोघं मोटारसायकलवर जातात. आवाज यायला डावी सीटच नाही.

रोज पावणेसातला, कैलास तिकडे चढायला सुरुवात करतो त्या वेळी, मी चहाचा कप खाली ठेवते. ऐकण्यासारखं काही नसतं.