डिकीत बसणारे मामा

सासऱ्यांची गाडी दुरुस्तीला आणलेल्या जावयाने डिकीचं झाकण जरा जास्तच जोमात आपटलं. "हळू, मी काय भाजीची पिशवी आहे?" असं आतून ऐकू आलं. मग कुलपात काहीतरी खट्‌कन तुटलं, किल्ली नुसतीच गोल फिरू लागली आणि गॅरेजचे मिस्त्री आत कोंडले गेले.

या मिस्त्रींना सगळे कानोसामामा म्हणत. मागच्या चाकांचं दुखणं पुढे बसून कळत नाही, असं त्यांचं ठाम मत. म्हणून ते गुडघे पोटाशी घेऊन डिकीत निजायचे आणि गाडी गिऱ्हाइकाने चालवायची. एक कान लहानपणीच गेलेला. उरलेल्या कानाने दोघांचं काम अंगावर घेतलं होतं. "माझी हाक सोडून यांना सगळं ऐकू येतं," असं मामी म्हणत. भिंतीला कान लावून ते कुठला नळ गळतोय ते सांगत. शेजारणीच्या छातीतली घरघर त्यांनी जिन्यात उभ्याउभ्या ओळखली होती, डॉक्टरच्याही आधी. तेव्हापासून त्या इमारतीत मामांसमोर कुणी मोकळेपणाने खोकत नसे.

"मामा, झाकण उघडत नाही हो," जावई रडवेला झाला.

"मग चालवा. आलोच आहे तर ऐकून घेतो."

गाडी सासऱ्यांची. मागचा ब्रेक त्यांच्या हयातीतच किंचाळायचा, पण त्यांनी तो दुरुस्त केला नाही. फाटकाशी किंकाळी उठली की सासूबाई चहाचं आधण ठेवायच्या. एवढी सोय कोण मोडणार? सासरे गेले, गाडी जावयाकडे आली, किंकाळीही आली. आता तो फाटकाशी थांबला की सासूबाई पेटता गॅस तसाच सोडून दाराकडे धावत. मागच्या खेपेला स्वयंपाकघरातल्या पडद्याने पेट घेतला. "आवाज बंद करूनच घेऊन जा," बायकोने बजावलं होतं, "नाहीतर आई एक दिवस घरासकट जायची."

गॅरेजमागचा रस्ता संध्याकाळी ओस पडलेला. जावयाने वेग घेतला.

"हळू," पाठीमागून आवाज आला. "आता दाबा."

ब्रेक दाबताच बारीक, लांबलचक किंकाळी निघाली. जावयाच्या अंगावर काटा आला, पण तो किंकाळीने नव्हे. तो गाडी चालवत असला की सासरे मागच्या सीटवर बसून नेमकं असंच, याच सुरात म्हणायचे. त्याने आरशात पाहिलं. सीट रिकामी होती, पण मधोमध दबलेली. मामा आतून पाय ताणत असतील, अशी त्याने मनाची समजूत घातली.

"पुन्हा दाबा," आवाज आला. आणि जरा वेळाने, "डावं चाक. उजवं गप्प आहे."

गॅरेजात परतल्यावर सीटची पाठ पाडून मामांना बाहेर ओढलं. अंग झटकत ते म्हणाले, "एवढ्या वर्षांत सासऱ्याची डिकी लावायला शिकला नाहीत?" त्यांनी डावं चाक उतरवलं. ब्रेकच्या लायनरची पट्टी पार झिजून गेली होती आणि ती जखडणारे रिव्हेट लोखंडी ड्रमला खरवडत होते. दोन्हीकडे नवे लायनर बसले, ड्रम लेथवर साफ झाला. मामांनी ब्रेक दाबायला लावून कान दिला. काही नाही.

"फाटकाशी उतार आहे ना? तिथे एकदा बघू," म्हणत मामा शेजारी बसले.

सासूबाईंच्या फाटकाशी गाडी मांजरीच्या पावलांनी थांबली. सासूबाई दारात उभ्याच होत्या. घरातून काहीतरी करपल्याचा वास येत होता. जावयाकडे न बघता त्यांनी गाडीच्या मागच्या दाराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आज उशीर केलात."

जावई आत धावला. दूध उतू जाऊन पातेलं काळं पडलं होतं. गॅस बंद करून तो परत आला, तेव्हा मामा चांगला कान मागच्या सीटकडे करून स्तब्ध बसले होते.

"मामा," तो खिडकीत वाकून कुजबुजला, "आवाज तर गेला. मग यांना ऐकू काय आलं?"

"मला येतंय, तेच."