सत्त्याऐंशी नंबर

आण्णा माणसांना नंबर देत. मांडवात कुणी मोठ्यानं हसत, दिसेल त्याच्या गळ्यात पडत फिरू लागला की ते मान न वळवता म्हणत, "चव्वेचाळीस हाय." चव्वेचाळीस म्हणजे त्यांच्या कीबोर्डमधलं व्हायोलिन. लांबून गोड, जवळ गेलं की पत्र्यासारखं. सहा नंबरला घंटेचा आवाज होता, एकदा वाजवला की लवकर न थांबणारा. मुलीकडच्या आत्यांना बहुतेक वेळा तो मिळे. आम्हा पत्रकारांना त्यांनी एकशे बारा दिला होता. कसला आवाज तो, असं विचारल्यावर त्यांनी पट्टी दाबून दाखवली. टाळ्यांचा कडकडाट झाला. "कुणी काय बी करू दे, ह्यो वाजतोयच," आण्णा म्हणाले.

ते कोल्हापुरातल्या एका बँडमध्ये होते, राहायला कबनूरला. आधी तिथं यंत्रमागावर काम करत आणि गुरुवारी भजनात पेटी वाजवत. बँडमधले क्लॅरिनेटवाले, कॉर्नेटवाले एकेक करून थकले, त्यांच्या मुलांनी पितळेला तोंड लावलं नाही, तेव्हा मालकांनी कीबोर्ड विकत घेतला. "एका यंत्रात सात माणसं बसल्यात," असं ते येईल त्याला सांगत. पेटीवर बोट फिरवलेले एकटे आण्णाच होते, म्हणून ती सात माणसं त्यांच्याकडे आली.

कीबोर्ड ते बँडच्या खोलीवर ठेवत नसत. बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून एसटीनं घरी नेत आणि दुसऱ्या दिवशी मांडीवर घेऊन परत आणत. कंडक्टरनं विचारलं, "ह्येचं तिकीट?" तर म्हणत, "पाच वर्साच्या आतलं हाय." वरातीत कीबोर्ड चाकाच्या गाड्यावर असे, मागं कर्णे आणि जनरेटर. वाजवणाऱ्यासाठी गाड्यावर स्टूल होतं. त्यावर आण्णांचा पाण्याचा तांब्या बसे. ते स्वतः गाड्याबरोबर चालत, एका अंगानं वाकून. त्यांचं म्हणणं, वाजवणारा बसला की नाचणारा पाणी प्यायला जातो.

कीबोर्डात तयार ठेके असतात. एक बटण दाबलं की ढोल, झांजा आणि त्यांच्याखालून चालणारा जड, खोल स्वर आपोआप सुरू होतो. ज्या आठवड्यात यंत्र घरी आलं, त्या आठवड्यात आण्णांनी एकापासून सगळे ठेके ऐकले. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून पडद्यावरच्या नावाकडे न बघता ते नंबर लक्षात ठेवत. सत्त्याऐंशी लावला तेव्हा स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "आज सुट्टी हाय न्हवं? माग कुणी चालू केला?"

आण्णांना तेवढं पुरलं. पुढच्या लग्नात सत्त्याऐंशी वाजला. खट-खटाक, खट-खटाक, मागाच्या धोट्यासारखा इकडून तिकडे. लोक असे नाचले की नवरदेवाचा घोडा एका जागी पाऊण तास उभा राहिला. दोन हंगामांत कळंब्यापासून कुरुंदवाडपर्यंत पोरं गाड्यापाशी येऊन ओरडू लागली, "आण्णा, सत्त्याऐंशी!"

या ठेक्यातला एक भाग मात्र आण्णा बंद ठेवत. खालचा जड स्वर. तो दादूचा होता.

दादू बँडमधलं सगळ्यात मोठं पितळी वाद्य वाजवायचा. अंगाला वेढा घालून खांद्यावर तोंड उघडणारं. बँडवाले त्याला नुसतं 'मोठं' म्हणत. जुन्या माणसांतला तेवढाच एक उरला होता. वयानं आण्णांहून दोन वर्षांनी मोठा, पण लहानथोर सगळे त्याला एकेरीच हाक मारत, आणि कुणी दादूमामा म्हटलं तर तो मागं वळून बघे, आणखी कोण आलंय का ते. बोलायचा कमी. कारण विचारलं तर आण्णा सांगत, "वारा राखून ठेवतोय." यंत्रातला जड स्वर चालू केला असता तर दादूला काम उरलं नसतं. म्हणून तेवढा बंद, आणि ती जागा दादूच्या फुंकरीची.

त्या काळात मी या ठेक्यावर वर्तमानपत्रात अर्धं पान लिहिलं. हलगीशी त्याचं नातं जोडलं, यंत्रमागाशी जोडलं आणि तो 'अस्सल या मातीतला' असल्याचं नमूद केलं. सोबत छायाचित्र होतं. त्यात तीन चतुर्थांश जागा दादूच्या वाद्यानं घेतली होती. आण्णांचं कोपर दिसत होतं. दादूनं ते कात्रण काच लावून देवघराच्या बाजूला टांगलं.

चारेक महिन्यांनी कळंब्याच्या एका लग्नात मी गाड्यापाशी उभा होतो. आण्णांनी सत्त्याऐंशी लावला आणि माझं लक्ष पडद्यावरच्या नावाकडे गेलं. ते आधी वाचायला हवं होतं.

"आण्णा, हा ठेका मेक्सिकोचा आहे."

"कुटं आलं ते?"

"अमेरिकेच्या खाली."

"खाली म्हंजे? निपाणीच्या पुढं?"

समुद्रापलीकडे, असं सांगितल्यावर ते थोडा वेळ उजव्या हातानं वाजवत राहिले. मग म्हणाले, "मग तितंबी माग असतील."

दुरुस्ती छापायला हवी, असं मी म्हणालो. चूक झाली की दुरुस्ती छापायची, ही आमच्याकडची शिस्त. आण्णांनी मान हलवली. "कशाला वो पेपरवाले? दादूनं काच लावून घेतलीया. आता त्या काचंवर काय चिकटवणार?" दुरुस्ती राहिली.

पण मेक्सिको त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. काही दिवसांनी एसटी स्टँडजवळच्या चहाच्या गाड्यावर त्यांनीच विषय काढला. "त्या लोकांचं नाचणं दिसंल का फोनमदी?" शोधून दाखवलं. मोकळं मैदान, धूळ, टोप्या घातलेली माणसं, जोडीनं नाचणाऱ्या बायका. मंचावर एक जण दोन कीबोर्ड पुढ्यात घेऊन उभा. कर्ण्यांतून पितळी शिंगांचा आवाज येत होता आणि मंचावर एकही शिंग नव्हतं. ठेका आण्णांचाच, थोडा जलद. ते खूश झाले. "उभा हाय बघा! बसला न्हाय!" त्यांनी तो तुकडा तीनदा बघितला. तिसऱ्यांदा फोन जवळ धरून विचारलं, "ह्यांच्यात मोठं कोण वाजिवतंय?"

मी वाचलं होतं तेवढं सांगितलं. तिकडेही आधी मोठाले पितळी बँड होते. पुढं बऱ्याच मंडळींनी शिंगांचं काम सिंथेसायझरला दिलं. मोठ्या वाद्याचं काम विजेवरच्या गिटारला.

"म्हंजे त्यो घरी बसला."

"बसला असेल."

आण्णांनी चहा संपवला. कप खाली ठेवताना म्हणाले, "त्येचं नाव काय असंल?"

यानंतरच्या हंगामाआधी दादूचे पुढचे दात गेले. पितळी वाद्याचं तोंड ओठांवर दाबावं लागतं आणि ओठांना मागून दातांचा आधार लागतो. कवळी बसवली, ती फुंकताना हलायची. पहिल्या लग्नात त्याच्या वाद्यातून वाऱ्याशिवाय काही निघालं नाही. मालक त्या दिवशी नवरदेवाकडच्यांशी बोलण्यात होते, म्हणून निभावलं. परतताना दादू आण्णांना म्हणाला, "मास्तर, उद्यापास्नं मी येत न्हाय."

"येत न्हाय तर काय करणार? घरी कात्रण बघत बसणार?"

"वाजंना झालंय."

"तू फुंक. वाजायचं माझ्याकडं लागलं."

यंत्रातला जड स्वर चालू करणं हा सोपा मार्ग होता. आण्णांनी तो घेतला नाही. यंत्र आपल्या चालीनं वाजणार, दादूचे गाल आपल्या चालीनं फुगणार, आणि चार पावलांवरून कुणालाही खोटं दिसणार. त्यांनी दुसरंच केलं. ढोल-झांजा यंत्राच्या, चाल उजव्या हाताची, आणि जड स्वर डाव्या हातानं, एकेक पट्टी दाबून. नजर दादूच्या गालांवर. गाल फुगले की बोट खाली. दादू लांबवेल तितकं लांबवायचं, तो थांबला की थांबायचं. वाद्य दादूचंच होतं. त्याची नळी फक्त आण्णांच्या बोटातून बाहेर येत होती. दोन पूर्ण हंगाम हे चाललं. गाड्याच्या पलीकडच्या बाजूला उभं राहिल्याशिवाय ते कळणं शक्य नव्हतं. मी त्या बाजूला उभा असे, आणि त्याबद्दल एक ओळ लिहिली नाही.

मालकांना संशय आलाच. दात गेलेला माणूस आधीपेक्षा बरा वाजवतोय, हे त्यांना पटेना. कुरुंदवाडच्या एका दुपारच्या वरातीत ते दादूच्या अगदी शेजारून चालू लागले, कान त्या पितळी तोंडाकडे करून. आण्णांनी ते पाहिलं. दादूनंही पाहिलं, आणि घाबरून त्याचे गाल अर्धा ठोका आधी फुगले. आण्णांचं बोट अर्धा ठोका आधी पडलं. कर्ण्यातून जड स्वर भलत्या जागी उमटला, नाचणाऱ्यांचे पाय अडखळले, आणि मालक कडाडले, "दादू! डोळं मिटून वाजिवतोस काय गा? घसरलास की!"

मग स्वतःशीच मान डोलवत ते पुढं गेले. आमच्याकडे वळून म्हणाले, "म्हातारं वाजिवतंय खरं. यंत्र कधी चुकत न्हाय."

दादू सगळा रस्ता हसत होता. कवळी सांभाळत, गाल फुगवत. त्या दिवशी खाल्लेली शिवी त्यानं पुढं कित्येकांना सांगितली. माझ्या लेखाबद्दल तो एवढं बोलल्याचं आठवत नाही.

दिवाळीच्या आठवड्यात दादू गेला. झोपेत, त्रास न होता. आण्णा तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेले, कात्रणाची काच धोतराच्या सोग्यानं पुसली आणि परत आले.

तुळशीचं लग्न झालं, हंगाम सुरू झाला. पहिली वरात कळंब्यात होती. मालक स्वतः गाड्यापाशी आले आणि म्हणाले, "आण्णा, दादूचं वाईट झालं. पण आता त्या यंत्रातलंच मोठं चालू करून टाका. सत्त्याऐंशी पुरा वाजू दे."

"न्हाय जमायचं."

"बटण हाय न्हवं?"

"बटण हाय. त्या जागी दुसरं कोण घ्यायचं न्हाय."

"लोक म्हणतील, बँड बिघडलाय. पुढची सुपारी मिळंल का आपल्याला?"

"म्हणू देत. मला काढायचं तर आत्ता काढा, वरात निघायच्या आत."

वरात निघायला पाच मिनिटं होती. दुसरा वाजवणारा गावात नव्हता. मालक बाजूला झाले, आणि त्यांच्या तोंडावर दिसत होतं की ही आण्णांची शेवटची वरात.

ठेका सुरू झाला. खट-खटाक, आणि जिथं दादू असायचा तिथं काहीच नाही. नाचणारे गोंधळले. दोघंतिघं थांबून कर्ण्याकडे बघू लागले. कुणीतरी ओरडलं, "आण्णा, वायर निघाली काय?" आण्णा वाजवत राहिले. मी पलीकडच्या बाजूला होतो. त्यांचा डावा हात दर वेळी पट्टीपर्यंत यायचा, वर थांबायचा आणि परत जायचा. नजर त्याच ठिकाणी, जिथून दादू चालायचा.

ठेक्याच्या चौथ्या की पाचव्या फेरीला एका जाड्या पाहुण्यानं त्या मोकळ्या जागेत धाडकन पाय आपटला. पुढच्या फेरीला सहा-सात जणांनी. त्याच्या पुढच्या वेळी सगळ्या वरातीनं. डांबरी रस्त्यावर दीडशे पाय एकदम पडले तेव्हा गाड्यावरचा तांब्या स्टुलावरून घसरला. मालकांनी तो उचलला आणि परत ठेवला. सुपारीचं नंतर त्यांनी कधी काढलं नाही.

आण्णांनी पुढं सहा हंगाम वाजवलं. आता बोटं आखडली आहेत. कबनूरला असतात, आल्यागेल्याला नंबर देतात. मला भेटल्यावर अजून "या एकशे बारा" म्हणतात.

गेल्या महिन्यात कळंब्याला एका वरातीत थांबलो. बँड वेगळा होता, कीबोर्ड नवा, वाजवणारा तिशीचा, दाढी कोरलेला. तोही उभा होता. सत्त्याऐंशी लागला, निदान तोच ठेका. खट-खटाक, मग मोकळी जागा, मग पाय. त्याचा डावा हात पट्टीवर येऊन थांबत होता. चहासाठी गाडा थांबला तेव्हा त्याला विचारलं, तिथं दाबत का नाही.

"तितं दाबायचं न्हाय," तो म्हणाला. "कबनूरच्या आण्णांनी शिकवलंय."

"पण का?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. परगावचा माणूस असावा, असा त्याचा समज झाला असणार.

"का म्हंजे काय पावणं?" तो म्हणाला. "तितं पाय पडत्यात की."