अनुबाईंनी शिवलेला दरबार

लग्न होऊन कामरगावात आले, त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला शेजारी विरजण आणायला पाठवलं. दार लोटून आत गेले आणि थबकलेच. चुलीपुढे एक मावळा बसून भाकरी थापत होता. अंगात कोरी बाराबंदी, कमरेला शेला, डोक्यावर पागोटं. मी मागे फिरणार, तोच मावळा बाईच्या आवाजात म्हणाला, "ये ना वं आत. भेऊन कायले राह्यली? मी अनसूया होय." मग पिठाचे हात वर करून तिने मला काखेतली शिवण दाखवली. "भाकर थापता आली म्हंजे बगल सैल झाली. मंग तलवार बी फिरवता येते."

अनुबाई म्हणजे शेजारच्या किसनरावांची थोरली बहीण. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवरा वारला आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. हाताने फिरवायच्या मशीनवर ती वर्षभर गावातल्या बायकांच्या चोळ्या शिवायची. पण तिचं सगळं लक्ष वैशाखातल्या शिवजयंतीकडे असे. त्या दिवशी गावातून बैलगाड्यांवर देखावे निघत. मावळे, सरदार, अष्टप्रधान, सगळ्यांचे कपडे अनुबाईंच्या हातचे. फाटक्या लुगड्यांचे जरीकाठ ती घरोघरून मागून आणी आणि महाराजांच्या अंगरख्याला लावी. कपडा तयार झाला की दार लोटून आधी स्वतः घालून बघे. "आंगावर चढल्याबिगर कपडा खरं बोलत नाई," म्हणे. मग वाकून, बसून, हात फिरवून पाही आणि घडी घालून देऊन टाकी. मिरवणूक मात्र दाराच्या फळीआडून बघायची.

लग्नकार्यात, हळदीकुंकवात कोणी काही म्हणायच्या आत ती आपणहून बाजूला सरकत असे. मला ते खटके. एकदा मी तसं बोलून दाखवलं, तर हसून म्हणाली, "त्याईच्यावर सांगाची पाळी कायले आनू? आपनच सरकलं म्हंजे झालं."

तेव्हा बायका देखाव्यात उभ्या राहत नसत. कापड दुकानदाराचा धाकटा भाऊ दिगंबर मिशी काढून जिजाऊ होई. एका वर्षी राज्याभिषेकाचा दरबार करायचं ठरलं. दिगंबरचं लग्न तोंडावर आलेलं. मिशी काढणार नाही म्हणून तो अडून बसला. उत्सवाचं सगळं पाहणारे गुरुजी कपड्यांची चौकशी करायला अनुबाईंकडे आले होते, मीही तिथे होते. मी म्हटलं, "गुरुजी, राज्याभिषेकाच्या वेळेला शहाजीराजे नव्हते. जिजाऊ तेव्हा पांढऱ्या लुगड्यातच बसल्या असतील. मग आपल्या अनुबाई का नकोत?"

मशीन थांबली. गुरुजी म्हणाले, "बरोबर आहे. यात वावगं काय?" आम्ही ओसरीवर बसलेल्या किसनरावांकडे पाहिलं. त्यांनी तंबाखू मळता मळता सांगितलं, "माही ना नाई. तिनं ठरवावं." दुसऱ्या दिवसापासून अनुबाई मशीनवर बसली की गुणगुणू लागली. तिला गाताना मी पहिल्यांदाच ऐकलं. स्वतःसाठी तिने एक शेला काढला आणि त्याच्या कडेला बारीक वेल भरला. असं काम तिने महाराजांच्या अंगरख्यावरही केलं नव्हतं.

जयंतीच्या दिवशी ऊन कलल्यावर तिने आमच्या घरी कपडे केले. पांढरं लुगडं, खांद्यावर तो शेला. मी आरसा पुढे धरला. ती स्वतःकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "बरी दिसून राह्यली ना वं मी?"

बरी नाही, ती राजमाता दिसत होती.

गाडी दारात आली. बैलांच्या शिंगांना रंग, सगळी आळी बाहेर. अनुबाई ओसरीवरून उतरली तशी माणसं गप्प झाली. कोणी हसलं नाही, कुजबुजलं नाही. तिने चाकावर पाय ठेवला, एवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढे झाली आणि जिजाऊ म्हणून तिच्या पायावर डोकं ठेवून उठली. तिच्या मागे आणखी दोघी वाकल्या.

अनुबाईने पाय खाली घेतला. वळली, सरळ घरात आली आणि शेला सोडू लागली. मी मागोमाग धावले. "काय झालं? कोणी काही बोललं का?"

"नाई व माय," ती म्हणाली. "पाया पडून राह्यल्या माह्या. माह्या. मले नाई सोसत."

मी विनवलं, गुरुजींनी विनवलं. शेवटी दिगंबरलाच ते लुगडं नेसवलं. मिशी झाकायला अनुबाईनेच त्याचा पदर पुढे ओढून नीट टाचून दिला. मिरवणूक गेली. लेझीम दूर जाईपर्यंत ती माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसून होती.

पुढे कितीतरी वर्षं तिने दरबार शिवला. दर वर्षी मी विचारी, आणि ती "औंदा नाई, पुढच्या साली पाहू," म्हणे. मग गावातली मंडळी अकोल्याहून भाड्याने कपडे आणू लागली. तेव्हापासून मी विचारायचं सोडलं.

शेवटच्या दुखण्यात मी तिच्याजवळ बसले असताना तिने आपणहूनच तो विषय काढला. "त्या दिशी कोनी आडवं आलं असतं ना, तं बरं झालं असतं. त्याच्यावर राग धरून राह्यली असती मी. पन समद्यांनी हो म्हनलं. आता राग कोनावर धरू?" मी तिचा हात धरला.

तेरवीला जेवणं झाल्यावर माणसं ओसरीवर टेकली होती. किसनराव सगळ्यांना सांगत होते, "माह्या बहिनीनं जल्मात कोनापाशी काई मांगलं नाई. कोनाच्या मधात आली नाई." लोक माना डोलावत होते. आणि किसनराव ते मोठ्या अभिमानाने सांगत होते.